जुनें माप आणि नवा डाव

एखादा खेळ चांगला येत असलेला मनुष्य त्याच खेळाच्या अपरिचित प्रकाराला बसला, म्हणजे तो अगदीं अजाण मनुष्यापेक्षांही अधिक धोक्यांत असतो. अजाण मनुष्य भीत भीत खेळतो, दर चालीला विचारतो, आणि संशय आला कीं पानें खालीं ठेवतो. जाणत्याला विचारण्याची लाज वाटते. त्याच्याजवळ जुन्या डावांतून मिळविलेलें एक माप असतें; अमुक पानें आलीं म्हणजे हात चांगला, तमुक आलीं म्हणजे वाईट. तें माप नव्या डावाला लागू आहे कीं नाहीं, हें न पाहतां तो त्यानेंच मोजूं लागतो, आणि फसतो. व्यवहारांतील पुष्कळ उलाढालींस हें लागू पडेल. परंतु त्याचा अगदीं स्वच्छ, आंकड्यांनीं सिद्ध होणारा पुरावा पाहावयाचा असेल, तर तो अमेरिकेंत वाढलेल्या पोकर नांवाच्या पत्त्यांच्या खेळाच्या इतिहासांत सांपडतो. सुमारें दोनशें वर्षांत ह्या खेळानें इतकीं रूपें पालटलीं कीं प्रत्येक पालटाबरोबर कालचे आचार्य पुन्हां विद्यार्थी झाले.

जुगाराची भलामण करावी, असा आमचा मुळींच हेतु नाहीं. पैशाच्या बैठकींनीं किती घरें धुळीस मिळविलीं, हें सांगण्यास आमच्या लेखणीची गरज नाहीं. पण जो खेळ मनुष्याच्या लोभाला इतका जवळचा आहे, त्यांतूनच हिशेबी विचार कसा वाढला, हें पाहणें सुज्ञ वाचकांस बोधप्रद होईल, असें आम्हांस वाटतें.

हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. महाभारताच्या वनपर्वांत नलराजाची कथा आहे. फांशांच्या खेळांत पुष्करापाशीं राज्य घालवून बसलेला नल पुढें ऋतुपर्णाचा सारथी झाला. वाटेंत ऋतुपर्णानें बेहड्याच्या एका झाडाकडे पाहून त्याचीं पानें व फळें किती, हें अचूक सांगितलें. नलानें तेवढ्यानें समाधान न मानतां रथ थांबवून प्रत्यक्ष मोजणी केली, व ती जुळतांच आपल्या अश्वविद्येच्या मोबदल्यांत त्याच्याकडून ‘अक्षहृदय’ मागून घेतलें. प्राचीन काळीं बेहड्याचीं फळेंच फांसे म्हणून वापरीत, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या प्रसंगाचें मर्म उघड होतें. फांशांचें हृदय हें मोजण्याच्या विद्येजवळ आहे. आणि गेलेलें राज्य नलाला परत मिळालें तें ह्या विद्येनंतर, आधीं नव्हे.

आतां पोकरकडे वळूं. ह्या खेळाच्या सर्व प्रकारांचें सूत्र एकच आहे. प्रत्येक भिडूस कांहीं पानें मिळतात. पानें पाहून फेरीफेरीनें पैज लावली जाते. पैजेची बरोबरी करावी, ती वाढवावी किंवा पानें टाकून त्या डावापुरतें बाजूस व्हावें, एवढेच मार्ग असतात. शेवटीं जे उरतात त्यांत ज्याचा हात वरचढ, त्याला मध्यें जमलेली रक्कम मिळते. परंतु पैजेच्या भीतीनें बाकीच्या सर्वांनीं पानें टाकलीं, तर उरलेल्या एकाला पानें न दाखवितांच ती रक्कम उचलतां येते. म्हणून ह्या खेळांत जिंकण्याचे मार्ग दोन: खरा हात, किंवा हूल. खेळाचें सारें सौंदर्य आणि सारा घातकपणा ह्या दुसऱ्या मार्गांत आहे.

जोसेफ कौवेल नांवाच्या इंग्रज नटानें १८२९ साली अमेरिकेंतील नदीवर आगबोटीच्या प्रवासांत हा खेळ पाहिला, व १८४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याचें वर्णन केलें. त्याच सुमारास, १८४३ सालीं, जोनाथन ग्रीन ह्या पूर्वाश्रमीच्या जुगाऱ्यानें जुगारांतील लबाड्या उघड करणारें पुस्तक लिहिलें. त्यांतही हा खेळ आढळतो. ह्या दोघांनीं पाहिलेल्या पोकरांत बावन पानें नव्हतीं. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी एवढींच वीस पानें असत. चार भिडूंना पांच पांच वाटलीं कीं कॅट संपे. पानें बदलून घेण्याची सोय नव्हती. पुढें लौकरच बावन पानांचा कॅट रूढ झाला, आणि ‘तोच खेळ, फक्त पानें अधिक’ असें कित्येकांस वाटलें असल्यास नवल नाहीं.

पण तो तोच खेळ नव्हता. मोजून पाहूं. वीस पानांतून पांच पानांचे १५,५०४ निरनिराळे हात होतात. त्यांपैकीं ज्यांत एकही जोडी नाहीं असे हात अवघे १,०२४. एक जोडी असलेले ७,६८०, दोन जोड्यांचे ४,३२०, त्रिकुटाचे १,९२०, त्रिकूट व जोडी मिळून झालेले ४८०, आणि चौकडीचे ८०. म्हणजे एका जोडीहून वरच्या प्रतीचे हात शंभरांत सुमारें चव्वेचाळीस! जोडी हातांत येणें ही तेथें कांहींच मोठी गोष्ट नव्हती. बावन पानांत हेंच मोजलें तर एकूण हात २५,९८,९६० होतात. त्यांत निम्म्याहून किंचित् अधिक हातांत जोडीच नसते, आणि एका जोडीहून वरच्या प्रतीचे हात शंभरांत आठही भरत नाहींत. जी जोडी वीस पानांच्या बैठकींत भिकारी, ती बावन पानांच्या बैठकींत प्रतिष्ठित. जुन्या मापानें खेळणारा येथें जोड्या टाकून देत राहील. उलट दिशेनें गेलेला जोडीवर घर गहाण टाकील. पानांचीं चित्रें तींच, नांवें तींच, वाटण्याची रीत तीच. बदलली ती फक्त दुर्मिळता. आणि दुर्मिळता हेंच तर हाताचें मोल.

आपल्याकडील तीन पत्तीच्या खेळाचा दाखला येथें उपयोगी पडेल. हा खेळ इंग्रजांच्या तीन पानांच्या ‘ब्रॅग’ ह्या खेळापासून आलेला असून पोकरचा भाऊबंद आहे. त्यांत सलग क्रमाचा हात एकरंगी हाताहून श्रेष्ठ मानतात. पांच पानांच्या पोकरांत एकरंगी हात क्रमाहून श्रेष्ठ. ही नुसती लहर नव्हे. बावन पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यांत साधे क्रम ७२०, तर साधे एकरंगी १,०९६. पांच पानांत क्रम १०,२००, आणि एकरंगी ५,१०८. जें विरळ तें वर, हा एकच न्याय दोन्हीकडे आहे. पानांची संख्या बदलतांच त्याचा निवाडा उलटला. तीन पत्तींत मुरलेल्या गृहस्थानें हें न पाहतां पोकरला हात घातला, तर त्याचा क्रम कोणाच्या तरी रंगाखालीं चिरडला जाणार. गंमत अशी, कीं रूढि नेहमींच गणिताचें ऐकते असेंही नाहीं: तीन पत्तींत सर्वश्रेष्ठ मानलेलीं त्रिकुटें ५२ आहेत, आणि त्यांखालचे एकरंगी क्रम ४८ च. म्हणून नव्या खेळांत गणित आणि रूढि हीं दोन्हीं स्वतंत्रपणें विचारून घ्यावीं लागतात.

बावन पानांबरोबर आणखी एक मोठा फेर झाला: पहिल्या पैजेनंतर नको असलेलीं पानें टाकून नवीं घेण्याची मुभा मिळाली. ह्यालाच ‘ड्रॉ’ पोकर म्हणतात. अमेरिकेच्या अंतर्गत युद्धाच्या काळापर्यंत हा प्रकार स्थिर झाला, आणि लौकरच समुद्र ओलांडून गेला. इंग्लंडांतील अमेरिकन वकील रॉबर्ट शेंक ह्यानें १८७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तेथील प्रतिष्ठित यजमानांच्या आग्रहावरून ह्या खेळाचे नियम लिहून दिले, व ते खासगी रीतीनें छापले गेले. परराष्ट्राच्या प्रतिनिधीनें पत्त्यांचा खेळ शिकवावा, ह्याबद्दल त्याच्या देशांत त्याला पुढें टीकाही सोसावी लागली. १८८० नंतरच्या दशकांत रिचर्ड प्रॉक्टर ह्या ज्योतिषशास्त्रज्ञानें पोकरमधील संभाव्यतेवर लिहिलें. ग्रहगोलांचीं गणितें करणाऱ्यास पत्त्यांचा हिशेब कमीपणाचा वाटला नाहीं.

ह्या काळीं जो हिशेब रूढ झाला तो असा. तुमच्या पांच पानांत चार बदामाचीं आहेत, व पांचवें टाकून तुम्ही एक नवें घेणार. न पाहिलेलीं पानें सत्तेचाळीस. त्यांत बदामाचीं नऊ. म्हणजे सत्तेचाळिसांत नऊ वेळां रंग पुरा होईल, अडतीस वेळां होणार नाहीं. तेव्हां एक रुपया घालून सव्वाचारांहून कमी रुपये मिळण्याजोगे असतील, तर पान मागणें हें नुकसानीचें. अधिक असतील तर फायद्याचें. ‘आज माझा हात चालतो आहे’, ‘मघांपासून बदाम आलें नाहीं, आतां येईलच’, ह्या कल्पनांना ह्या हिशेबांत जागा नाहीं. पत्त्यांना स्मरणशक्ति नसते. ही गोष्ट ज्याला पटली, त्याची अर्धी विद्या झाली.

कायद्यालाही ह्या प्रकारभेदांशीं झुंजावें लागलें. कॅलिफोर्निया राज्याच्या दंडविधानांत ‘स्टड-हॉर्स पोकर’ ह्या प्रकाराला नांवानिशीं मनाई होती. १९११ सालीं तेथील सरकारी वकिलानें असें मत दिलें कीं ड्रॉ पोकर हा प्रकार त्या मनाईंत येत नाहीं. त्याच्या आधारावर १९३६ पासून गार्डेना गांवीं पत्त्यांचे उघड अड्डे भरभराटले. तेथें लोकप्रिय झालेला ‘लोबॉल’ हा प्रकार तर जुन्या मापाची थट्टाच होय. कारण त्यांत सर्वांत हलका हात जिंकतो. त्याच्याही पोटांत दोन पंथ आहेत. एका पंथांत एक्का सर्वांत लहान धरतात व क्रमाकडे लक्ष देत नाहींत; म्हणून एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी हा सर्वोत्तम हात. दुसऱ्यांत एक्का मोठाच असतो व क्रम हा दोष ठरतो. म्हणून दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी आणि सत्ती हा सर्वोत्तम. पहिल्या पंथाचा राजमुकुट दुसऱ्या पंथांत कचऱ्यांत जातो. बैठकीस बसण्यापूर्वीं ‘एक्का लहान कीं मोठा?’ एवढें विचारण्याचें ज्याला अवघड वाटलें, त्याला त्या संकोचाची किंमत रोख मोजावी लागणार.

पानांचा हिशेब येथवर आला; पण हुलीचें काय? ती तर मनुष्याच्या स्वभावाची, चेहऱ्याची, धैर्याची बाब, असेंच दीर्घकाळ समजत असत. फ्रेंच गणिती एमिल बोरेल ह्यानें १९२१ पासून ह्या प्रश्नाला हात घातला. आणि हंगेरींत जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमन ह्यानें १९२८ सालीं दोन भिडूंच्या खेळांविषयींचा मूलभूत सिद्धान्त सिद्ध केला. १९४४ सालीं ऑस्कर मॉर्गेनस्टर्न ह्या अर्थशास्त्रज्ञाबरोबर त्यानें लिहिलेल्या ग्रंथांत पोकरवर स्वतंत्र विवेचन आहे. त्यांतून निघालेला निष्कर्ष अनुभवी खेळाडूंनाही विचार करावयास लावणारा होता. हूल द्यावयाची ती अगदीं रद्दी हातावर. मध्यम हातावर नव्हे. मध्यम हाताला उघड होऊन जिंकण्याची कांहीं आशा असते. रद्दी हाताला तीच एक आशा.

१९५० सालीं हॅरल्ड कून ह्या गणितज्ञानें ह्या विचाराचें इतकें सोपें रूप दाखविलें, कीं तें घरच्या घरीं करून पाहतां यावें. फक्त तीन पानें घ्या: गुलाम, राणी, राजा. भिडू दोन, प्रत्येकानें मध्यें एक नाणें ठेवावें व एक पान घ्यावें. पुढें प्रत्येकास एकच नाणें पैजेस लावतां येतें. पहिला थांबला, तर दुसऱ्यानें काय करावें? राजा असल्यास पैज लावावी, हें उघड आहे. राणी असल्यास लावूं नये. कारण समोर राजा असेल तर तो सोडणार नाहीं, आणि गुलाम असेल तर तो टाकून देईल, अधिक कांहीं मिळणार नाहीं. आणि गुलाम असल्यास? नेमक्या तीन वेळांत एकदां हूल द्यावी. हा एक-तृतीयांश आला कोठून? समोरचा राणी घेऊन बसला आहे. पैजेनंतर मध्यें तीन नाणीं आहेत. बरोबरी करण्यास त्याला एक घालावें लागतें. तुमच्या चार पैजांत तीन राजाच्या आणि एक गुलामाची असली, तर त्यानें बरोबरी केली काय, टाकलें काय, सरासरीनें त्याला सारखेंच. अधिक वेळां हूल द्याल तर तो तुम्हांस पकडून कमावील. अजिबात देणार नाहीं तर तुमच्या राजालाही तो एक पै देणार नाहीं. दोघेही बिनचूक खेळले, तर पहिल्या भिडूचें दर डावास सरासरीनें नाण्याच्या अठराव्या भागाइतकें नुकसान होतें. तें आधीं बोलावें लागण्याचें मोल. सारांश, हूल ही धैर्याची नसून प्रमाणाची गोष्ट ठरली, आणि तें प्रमाण मध्यें जमलेल्या रकमेवरून निघतें.

दरम्यान खेळ पुन्हां पालटला. टेक्सास प्रांतांतून ‘होल्डेम’ हा प्रकार १९६० नंतरच्या दशकांत लास वेगासला पोंचला. १९७० सालीं तेथें पोकरच्या जागतिक स्पर्धेस आरंभ झाला, आणि थोड्याच वर्षांत हाच प्रकार तिच्या मुख्य सामन्याचा झाला. ह्यांत प्रत्येकाजवळ दोनच झांकलीं पानें असतात, व मध्यें उघडलेलीं पांच पानें सर्वांच्या मालकीचीं. ड्रॉ पोकरांत मला आलेली जोडी माझी असे. येथें मध्यें जोडी पडली तर ती सर्वांची. बदामाचा हिशेब मात्र जसाच्या तसा चालला: दोन आपलीं व तीन मधलीं मिळून चार बदामाचीं असलीं, तर पुढच्या पानाची आशा पुन्हां सत्तेचाळिसांत नऊच. पहिल्या दोन पानांचे १,३२६ प्रकार. रंगांच्या नांवांचा भेद सोडला तर १६९. १९७६ सालीं डेव्हिड स्क्लान्स्की ह्यानें त्यांच्या प्रती लावून कोणतीं खेळावीं व कोणतीं टाकावीं, हें मांडलें. १९७६ व १९७७ अशीं लागोपाठ दोन वर्षें मुख्य सामना जिंकणारा डॉयल ब्रन्सन ह्यानें त्या दशकाच्या अखेरीस मोठा ग्रंथ काढला. पण ड्रॉ, स्टड, लोबॉल असल्या प्रकारांवरील प्रकरणें त्यानें त्या त्या प्रकारांतील जाणत्यांस लेखनासाठीं बरोबर घेऊन सिद्ध केलीं. विजेत्याच्या अंगीं असलेला हा विनय आम्हांस त्या ग्रंथांतील सर्वांत मोठा धडा वाटतो.

होल्डेमचाच पुढचा फांटा ‘ओमाहा’. त्यांत जवळ चार पानें मिळतात. पण हात करतांना त्यांतलीं नेमकीं दोन, आणि मधलीं तीन घ्यावीं लागतात. समजा, वाटतांनाच चार एक्के आले! ड्रॉ पोकरांत ह्या हातावर मनुष्य नाचला असता. येथें त्यांतले दोनच चालतात, आणि तिसरा एक्का मध्यें येण्याचा संभवच उरत नाहीं. म्हणजे हा हात एका जोडीपाशींच बहुधा अडकला. उलट, चार पानांतून दोनांच्या सहा जोडगोळ्या होत असल्यामुळें सर्वांचेच हात भारी होतात, आणि होल्डेमांत जिंकून देणाऱ्या दोन जोड्या येथें वरचेवर मार खातात. हल्लींच्या काळांत दुर्रीपासून पंजीपर्यंतचीं पानें काढून छत्तीस पानांचा होल्डेमही खेळतात. त्यांत पांच पानांचे साधे एकरंगी हात ४८० च, तर त्रिकूट-जोडीचे १,७२८. म्हणून बावन पानांतला क्रम उलटवून एकरंगी हात वर चढविला आहे.

ह्या शतकांत यंत्रेंही हा खेळ शिकलीं. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं दोन भिडूंच्या, पैजेची मर्यादा ठरलेल्या होल्डेमची उकल जवळजवळ पूर्ण झाल्याचें जाहीर केलें. २०१७ सालीं पिट्सबर्ग येथें ‘लिब्राटस’ ह्या यंत्रानें अमर्याद पैजेच्या होल्डेमांत चार कसलेल्या खेळाडूंना १,२०,००० डावांत हरविलें. २०१९ सालीं ‘प्लुरिबस’ सहा भिडूंच्या बैठकींतही वरचढ ठरलें. हीं यंत्रें स्वतःशींच असंख्य डाव खेळतात, आणि प्रत्येक जागीं ‘दुसरी चाल केली असती तर किती अधिक मिळालें असतें?’ ह्याचा हिशेब ठेवून पुढची चाल सुधारतात. ह्या हिशेबाला शास्त्रज्ञांनीं ‘पश्चात्ताप’ असेंच नांव दिलें आहे. मनुष्याचा पश्चात्ताप हरल्यावर हळहळण्यांत जातो. यंत्राचा आंकड्यांत उतरतो, म्हणून कामास येतो.

तेव्हां अपरिचित प्रकार समोर आला असतां प्रथम काय शिकावें? ह्या इतिहासाचें उत्तर आम्हांस असें दिसतें. कॅटांत पानें किती, आणि कोणता हात किती वेळां होतो, हें पहिलें. माझें काय व सर्वांचें काय, झांकलेलें किती व उघडें किती, हें दुसरें. पुढें जाण्यास किती द्यावें लागतें आणि मिळण्यासारखें किती आहे, हें तिसरें. हीं तीन उत्तरें मिळेपर्यंत बहुतेक पानें टाकीत बसावें. पानें टाकणें हा पराजय नसून शिकण्याचा खर्च कमी करणें आहे. जुन्या खेळांतून बरोबर न्यावयाची ती मोजण्याची संवय. मोजून निघालेलीं उत्तरें मात्र दारांतच ठेवून जावें.

एक हिशेब शेवटचा. बैठकींत एकानें जिंकलेला प्रत्येक पैसा दुसऱ्या कोणाच्या तरी खिशांतून आलेला असतो, आणि अड्डेवाला आपला वांटा आधींच काढून घेतो. त्यामुळें सर्व भिडूंची मिळून बेरीज नेहमीं तोट्याचीच. तेथें बसणाऱ्यांत जाणत्याला अजाणत्याकडून मिळतें, एवढाच त्या विद्येचा रोख उपयोग. ज्यांना ही विद्या रोख्यावांचून हवी आहे, त्यांना तीन पानें आणि घरांतला एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी पुरेशी आहे. चिंचोके मांडावे, गुलामावर तीनांत एकदां हूल द्यावी, आणि शंभर डावांनंतर कोणाकडे किती चिंचोके उरले, तें मोजावें.